टिकाऊ पात्र

पात्र हा शब्द आपल्या भाषेंत तीन ठिकाणीं येतो. पाणी सांठवावयाचें भांडें तें पात्र. रंगभूमीवर नट ज्याचें सोंग घेतो तें पात्र. आणि ज्याच्या हातीं दान द्यावें, ज्याच्यावर भरंवसा टाकावा, तो मनुष्यहि पात्र. या तीन अर्थांचा परस्परांशीं कांहीं जिव्हाळ्याचा संबंध असेल असें आम्हांस पूर्वीं कधीं वाटलें नव्हतें. कोशकारांनीं ते एकाखालीं एक मांडले आहेत, व आम्हीहि ते तसेच वाचून सोडून दिले होते. परंतु गेल्या पावसाळ्यांत घडलेल्या एका क्षुल्लक प्रसंगानें हे तिन्ही अर्थ आमच्यापुढें एकदम येऊन उभे राहिले. त्यांतून जो प्रश्न उत्पन्न झाला तो वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा एक भाचा, महाविद्यालयांत शिकणारा, त्या सुमारास आमच्याकडे राहावयास आला होता. मुलगा एरवीं हसतमुख, व जेवणाच्या वेळीं सर्वांच्या आधीं पानावर हजर. एके रात्रीं पान वाढून ठेवलें तरी तो खोलींतून बाहेर येईना. म्हणून आम्ही आंत डोकावलों, तों स्वारी संगणकापुढें हाताची घडी घालून स्वस्थ बसलेली. काय झालें म्हणून विचारतां तो म्हणाला, "माझा माणूस मेला, मामा." आम्ही दचकलों. तो माणूस म्हणजे संगणकावरच्या एका खेळांतला, ड्वार्फ नांवाच्या बुटक्या व चिवट जातीचा योद्धा, असें कळल्यावर मात्र, खरें सांगावयाचें तर, आम्हांस हसूं आलें. चार महिने रोज रात्रीं तासभर खेळून त्यानें तो योद्धा वाढविला होता. कोठल्याशा तळघरांतील शेवटच्या दालनांत एक पेटी दिसली, ती उघडण्याच्या घाईंत पायाखालचा सांपळा दिसला नाहीं, आणि जमिनींतून वर आलेल्या पात्यांनीं निकाल लावला.

पुढें चौकशी करतां असें समजलें कीं, या खेळांत मेलेल्यास पुन्हां उठवितां येतें. मेल्यावर पात्राचें भूत होतें, आणि तें भूत एका विशिष्ट वेदीपर्यंत गेलें कीं पुनरपि सदेह उभें राहतें. भाच्याबरोबर त्या वेळीं दुसरा खेळाडू नव्हता. काय घडलें तें पाहावयास एकहि साक्षी नव्हता. तरी या मुलानें तो योद्धा उठविला नाहीं. आपल्या हातानें त्याचें नांव कायमचें पुसून टाकलें, आणि मग तसाच बसून राहिला. "अरे, मग उठवावयाचा होता! कोण पाहत होतें?" असें आम्हीं म्हटलें. त्यावर तो म्हणाला, "उठविला असता, तर मागचे चार महिने खोटे झाले असते."

हें उत्तर ऐकून आमचें हसूं मावळलें. तो खेळ काय आहे हें समजून घेण्याचा आम्हीं नंतर पुष्कळ दिवस प्रयत्न केला. त्याचा थोडा परिचय येथें करून देणें अवश्य आहे.

इ. स. 1974 मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चारचौघांनीं मेजाभोंवतीं बसावें, प्रत्येकानें एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यावी, एकानें सूत्रधार व्हावें, आणि जेथें निकाल दैवाधीन असेल तेथें फांसे टाकावे, असें त्याचें स्वरूप. याच खेळाच्या नियमांवरून टर्बाइन या कंपनीनें 2006 सालीं इंटरनेटवर खेळावयाचा एक खेळ काढला. त्यांत देशोदेशींचे लोक एकाच वेळीं एकाच काल्पनिक नगरींत वावरतात. आमच्या भाच्याचा खेळ तो हा. त्यांतील मरण, वर सांगितल्याप्रमाणें, तात्पुरतें असतें.

परंतु मरण कायमचें असावें अशी हौस या क्षेत्रांत जुनी आहे. 1980 च्या सुमारास निघालेल्या 'रोग' नांवाच्या खेळांत जतन करून ठेवलेला डाव पुन्हां उघडला कीं जुनी नोंद पुसली जाई. म्हणजे मेल्यावर मागें जाऊन चूक सुधारण्याची सोयच नव्हती. 2000 सालच्या 'डायब्लो' या खेळाच्या दुसऱ्या भागांतहि, ज्यास हवी त्यास, एकदां मेलेला परत येत नाहीं अशी रीत निवडतां येई. हा झाला यंत्रानें लादलेला कायदा. आमच्या भाच्याच्या खेळांत मात्र यंत्राचा असा कांहीं कायदा आरंभीं नव्हता. तेथें कांहीं खेळाडूंनीं आपण होऊन मंडळ्या स्थापन केल्या आणि नियम केला कीं, आमच्यांतील ज्याचें पात्र मरेल त्यानें तें उठवूं नये, पुसून टाकावें व पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ करावा. पुढें 2019 सालीं चालकांनींच तशा निराळ्या स्पर्धेची सोय केली. पण मंडळ्या त्याच्या फार आधींच्या. कायदा आणि व्रत यांत जो भेद आहे तो येथें स्पष्ट दिसतो. कायदा मोडणाऱ्यास शिक्षा करणारा दुसरा कोणी असतो. व्रत मोडणाऱ्यास तसा कोणी नसतो. एकादशीचा उपास करणारा मनुष्य स्वयंपाकघरांत एकटा असतो, आणि शिंक्यावर अन्नाचें भांडें असतें, एवढीच काय ती परिस्थिति.

आतां ज्याला एकदांच मरावयाचें आहे त्याची पहिली विवंचना अशी कीं, पात्र टिकाऊ कसें घडवावें. या घडणीस ते लोक 'बिल्ड' म्हणतात, आणि तिचें एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसलें आहे. प्रत्येक पात्रास सहा गुण असतात: बळ, चपळाई, काठिण्य, बुद्धि, विवेक आणि प्रभाव. आरंभीं प्रत्येक गुण 8 असतो, व तो वाढविण्यासाठीं 28 अंकांची पुंजी मिळते. 14 पर्यंत प्रत्येक पायरीस एक अंक पडतो, पुढच्या दोन पायऱ्यांस दोन दोन, आणि त्यापुढच्या दोन पायऱ्यांस तीन तीन. म्हणजे 8 वरून 14 वर जाण्यास जेवढे 6 अंक लागतात तेवढेच 6 अंक 16 वरून केवळ 18 वर जाण्यास लागतात. काठिण्य 16 असलें तर पात्राच्या प्राणशक्तींत दर पायरीस 3 ची भर पडते. वीस पायऱ्यांत ती 60 होते. याखेरीज विष, स्फोट, मोहिनी अशा संकटांतून निसटण्याची शक्ति वेगळी मोजली जाते. तीहि याच गुणांवर अवलंबून. नवशिक्यास आपला योद्धा एका घावांत शत्रु लोळविणारा असावा असें वाटतें, म्हणून तो सारी पुंजी बळांत घालतो. ज्याची दोनचार पात्रें मेलीं आहेत तो काठिण्याकडे वळतो, व शोभेचा एकेक अंक कमी करून तो जगण्याकडे लावतो.

हें सर्व ऐकतांना आम्हांस हिरण्यकशिपूची आठवण झाली. त्याच्याहून अधिक काळजीपूर्वक बिल्ड आजवर कोणीं केलें असेल काय? मनुष्याच्या हातून नको, पशूच्या हातून नको. दिवसा नको, रात्रीं नको. घरांत नको, बाहेर नको. शस्त्रानें नको, अस्त्रानें नको. जेवढीं दारें सुचलीं तेवढीं त्यानें बंद केलीं, आणि मरण उंबरठ्यावरून आलें. त्याचें गणित चुकलें होतें असें म्हणतां येत नाहीं. गणित जेवढें असूं शकतें तेवढें बरोबर होतें. पण दारें मोजणारा शेवटीं आपल्या माहितींतलींच दारें मोजतो.

आणि खेळाच्या नियमकर्त्यांनीं हा उंबरठा मुद्दाम ठेवला आहे. मेजावरच्या मूळ खेळाच्या ज्या नियमांवरून हा खेळ बेतला त्यांत संकटांतून निसटण्यासाठीं वीस बाजूंचा फांसा टाकावयाचा असतो, आणि त्यावर 1 पडला तर पात्राची शक्ति कितीहि मोठी असो, निसटणें नाहीं. विसांत एक म्हणजे शंभरांत पांच. हा धोका लहान दिसतो. पण प्राणावरचे असे चौदा प्रसंग आले तर त्या सर्वांतून पार पडण्याचा संभव निम्म्याहून कमी उरतो. जो खेळतच राहील त्याचें पात्र आज ना उद्यां मरणारच. टिकाऊ या शब्दाचा अर्थ अमर असा नव्हे, हें येथें अंकांनींच सिद्ध होतें.

शिवाय प्रत्येक चिलखताची कांहीं किंमत असते. या खेळांत वॉरफोर्ज्ड नांवाची एक जात आहे. लांकूड, धातु व दगड यांचे घडविलेले सजीव पुतळेच ते. त्यांस विष बाधत नाहीं, रोग होत नाहीं. काठिण्यहि जन्मतःच बहुतेकांहून अधिक. एकदांच मरणारास याहून चांगलें पात्र कोणतें, असें वाटेल. परंतु धर्मोपासकाच्या मंत्रानें इतरांच्या जखमा जितक्या भरतात त्याच्या निम्म्यानेंच या पुतळ्यांच्या भरतात. ज्या कठीण सालीमुळें घाव आंत शिरत नाहीं तिच्यामुळेंच औषधहि आंत शिरत नाहीं. कोणाच्या मरणानें ज्यांच्या डोळ्यांस पाणी येत नाहीं अशीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. तीं टिकतात खरीं. पण त्यांच्या घरच्यांस विचारावें.

येथवर आल्यावर आमचा मूळ प्रश्न पुढें येतो. पात्र टिकविणें हें जर ध्येय, तर त्याचा सर्वांत सोपा उपाय घडणींत नाहीं, भित्रेपणांत आहे. असे खेळाडू असतात कीं जे आपल्या शक्तीच्या फार खालच्या प्रदेशांत राहून उंदीर व कोळी मारीत महिनेच्या महिने काढतात. त्यांचें पात्र मरत नाहीं. पण भाचा म्हणाला, त्यांना सांगण्यासारखें कांहीं नसतें. आपल्याकडे अश्वत्थामा चिरंजीव मानला जातो. डोक्यावरच्या जखमेसाठीं तेल मागत तो अजून फिरतो असें आपल्या आज्या सांगत. त्याचें चिरंजीवित्व हा त्याला शाप होता. नुसतें टिकणें हें ज्यांनीं वर समजावयाचें त्या लोकांनींच तें शाप म्हणूनहि वर्णिलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याच्या उलट टोंकास बेफिकीर असतात. मरण एकदांच आहे तर तें थाटानें येऊं द्या, असें म्हणून ते पहिल्याच गुहेंत धांवत सुटतात. यांस आम्ही शूर म्हणणार नाहीं. ज्यानें कांहीं सांठविलेंच नाहीं त्यानें तें उधळण्यांत मोठेपणा कोणता? आमच्या भाच्याचा योद्धा मेला तो धाडसानें नव्हे, घाईनें मेला. आणि हें त्याचें त्यालाच अधिक लागलें होतें. भित्रा आपल्या पात्राला कुलुपांत ठेवतो, बेफिकीर तें आपटून फोडतो. भांडें पाणी भरण्यासाठीं आहे याचा विसर दोघांसहि सारखाच पडलेला असतो.

तथापि सर्वांत अवघड प्रसंग एकट्याचा नसतो, सोबतीचा असतो. कायमच्या मरणाच्या खेळांत अनुभवी लोक सांगतात कीं काठिण्याहून मोठी संरक्षक वस्तु म्हणजे चांगले सोबती: सांपळे ओळखणारा एक, जखमा भरणारा एक, पुढें उभें राहून घाव झेलणारा एक. पण डाव फिरला, शत्रु अंगावर आले, आणि आपल्यापाशीं पळून जाण्याचें साधन आहे, सोबत्यांपाशीं नाहीं. मग काय करावें? कधीं पळणें हेंच शहाणपण असतें. पांचांतले पांचहि मरण्यापेक्षां एक वांचला तर बरें, हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. कधीं मात्र पळणाराच्या हातांत अशी एखादी विद्या असते कीं ती वापरली असती तर दोघे वांचले असते. अशा प्रसंगांवरून या खेळांच्या जगांत मोठीं भांडणें झालीं आहेत, आणि तीं आम्हांस क्षुल्लक वाटत नाहींत.

महाभारताच्या शेवटीं युधिष्ठिर स्वर्गाच्या वाटेनें निघतो तेव्हां द्रौपदी व भाऊ एकेक करून पडतात, आणि तो मागें न वळतां चालूं लागतो. पुढें इंद्र रथ घेऊन येतो. पण बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून रथांत बसण्यास तोच युधिष्ठिर नकार देतो. भावांना सोडलेंस, मग कुत्र्याला कां नाहीं, असें इंद्र विचारतो. युधिष्ठिराच्या उत्तराचा भावार्थ असा कीं, मेलेल्यांशीं सख्यहि नाहीं व वैरहि नाहीं. त्यांना उठविणें माझ्या हातीं नव्हतें. जिवंत असतां मीं त्यांना सोडलें नव्हतें. आमच्या मतें हा निवाडा या खेळासहि लागू पडतो. जो पडला त्याच्यासाठीं उगाच मरणें हा धर्म नव्हे. पण जो अजून जिवंत आहे व आपल्या भरंवशावर उभा आहे, त्याला सोडून वांचविलेलें पात्र हें पुढें पात्र राहत नाहीं. त्याचे अंक तेवढेच राहतात. तिसरा अर्थ मात्र गळून पडतो. कर्णाचें कवच तर जन्मजात होतें. सूर्यानें सांगूनहि त्यानें तें देऊन टाकलें, व तो मेला. त्याचें बिल्ड चुकलें असें म्हणणारा कोणी अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें एक अलीकडची हकीकत सांगण्यासारखी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या जुन्या आवृत्तींत ऑगस्ट 2023 मध्यें चालकांनीं कायमच्या मरणाचे स्वतंत्र विभाग उघडले. यंत्राचा वा तारेचा दोष कांहीं असो, मेलेला परत मिळणार नाहीं, असा तेथील दंडक होता. परंतु 2025 च्या मार्च महिन्यांत कोणी दुष्टांनीं बाहेरून यंत्रणेवर हल्ला चढविला, भर लढाईंत खेळाडूंचे संबंध तुटले, आणि पुष्कळ पात्रें त्यांत मेलीं. तेव्हां चालकांनीं अशीं पात्रें पुन्हां उठविण्याचें ठरविलें. यावर कांहीं खेळाडू आनंदले, तर कांहीं म्हणाले कीं एकदां अपवाद केला म्हणजे मरण राहिलेंच कोठें! पहिल्यांच्या बाजूला न्याय आहे: खेळाच्या बाहेरच्या लबाडीनें आलेलें मरण हें खेळांतलें मरण नव्हे. दुसऱ्यांच्या बाजूलाहि सत्य आहे: जगांतले बहुतेक मृत्यु बाहेरूनच येतात, आणि कोणी दाद घेत नाहीं. आम्हांस चालकांचा निर्णय योग्य वाटतो. मात्र तो देण्याचा अधिकार तिऱ्हाइताचा आहे, मरणाराचा नव्हे. ज्याचें पात्र मेलें आहे त्यालाच अपवाद ठरवूं दिला, तर प्रत्येक मरण अन्यायाचेंच ठरेल.

कोणी म्हणेल, हा सारा पोरखेळ आहे. यावर इतकी शाई खर्चावयास हवी होती काय? हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाहीं. चार महिन्यांच्या त्या तासांत भाच्यानें एखादा ग्रंथ वाचला असता, किंवा आईस एखादें पत्र लिहिलें असतें, तर आम्हांस अधिक आनंद झाला असता. संगणकावरचा योद्धा मेल्यानें कोणाची चूल विझत नाहीं, आणि खऱ्या मरणाच्या दुःखाशीं याची तुलना करणें हें तर त्या दुःखाचा अपमान करणें होय. परंतु मुलगा जें बोलला तें खेळापुरतें नाहीं. दिलेला शब्द मोडला तर तो पुढच्या दिवसांपुरताच मोडतो, असा आपला समज असतो. वस्तुतः तो मागचेहि दिवस खातो. चार महिने प्रत्येक दार त्यानें जपून उघडलें, प्रत्येक वळणावर तो थांबला. तें सर्व धैर्य व सर्व सावधपणा एका गोष्टीवर उभा होता, ती ही कीं परत येणें नाहीं. शेवटीं परत आला असता, तर पहिल्या दिवसापासूनच परत येणें होतें असें ठरलें असतें. ज्या घरांत चाळीस वर्षांचा प्रामाणिकपणा एका खोट्या सहीनें गेला, त्या घरांतल्या वडील माणसांस हें निराळें सांगावयास नको.

व्रताचें सामर्थ्य यांतच आहे, आणि त्याची क्रूरताहि यांतच. म्हणून व्रत कोणीं कोणावर लादूं नये. मुलांच्या हातून एक चूक झाली कीं त्यांचें सर्व गेलें असें घरांतहि कोणीं वागूं नये. खऱ्या आयुष्यांत वेदी असावी, चूक सुधारण्यास वाव असावा. खेळांत ज्याला ती नको असेल त्यानें ती स्वखुषीनें सोडावी. पण सोडली म्हटल्यावर एकांतांतहि तिच्याकडे जाऊं नये.

त्या रात्रीं पान थंड झालें होतें. आमच्या घरांतून तें पुन्हां गरम करून वाढलें, व भाचा मुकाट्यानें जेवला. चारसहा दिवसांनीं तो पुन्हां संगणकापुढें दिसला. नवें पात्र घडविणें चाललें होतें. या खेपेस काठिण्य किती ठेवलेंस, असें आम्हीं थोड्या ज्ञानाच्या तोऱ्यानें विचारलें. तो म्हणाला, "पूर्वींइतकेंच, मामा. पण या वेळीं सांपळे ओळखणारा एक मित्र बरोबर घेतला आहे, आणि त्याला सांगून ठेवलें आहे कीं मी पेटीकडे धांवलों तर ओरड." आम्हीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दिवा फार वेळ ठेवूं नको एवढें सांगून बाहेर आलों.